शेवटच्या वस्तीचं पाणी

एल चान्यार वस्ती,
९ एप्रिल १९९७

आन्सेल्मो,

यंत्र आलं आणि गेलं. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर तू सगळं पत्र तेवढ्यासाठी चाळशील.

घळीत बांध घालायला दोन वर्षं अर्ज करून मिळालेलं ते पिवळं खोदयंत्र मंगळवारी ट्रकवरून आलं. देवळापाशी उतरवलं. ड्रायव्हरनं पहिला प्रश्न विचारला, "डिझेल कुठंय?" मी म्हटलं, "बाबा, आमच्याकडे शेळ्या आहेत. डिझेल कुठून असणार?" तो म्हणाला, डिझेल गावानं द्यायचं ठरलंय. कोणी ठरवलं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आल्गारोबो झाडाच्या सावलीत दोन दिवस झोपला, आमचं एक करडू खाल्लं, मातेचा कडू चहा प्यायला आणि यंत्र परत ट्रकवर चढवून निघून गेला. जाताना म्हणाला, तळं छान आहे तुमचं.

छान आहे, पण किती दिवस? तू गेलास तेव्हा घळ पार खाली, एउसेबियो-फिलोमेनाच्या वस्तीच्या वाटेवर होती. आता ती आपल्या जुन्या कुरणाच्या कुंपणापर्यंत आली आहे. नदीला पाणी आलं की घळ खालून वर माती खात सरकते. तिचं तोंड तळ्याच्या काठाला लागलं की तळं फुटक्या घागरीसारखं रिकामं होणार. पुन्हा भरणार नाही. पलीकडची दोन तळी अशीच गेली, तिथं आता नुसतं मीठ उडतं.

यंदा रोहित पक्षी आले. दोन घिरट्या घातल्या आणि न उतरता निघून गेले. पक्षी मोजायला येणारी ती मिर्ता वहीत काहीतरी लिहीत होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. कोस्कोरोबा हंस तेवढे आहेत. सकाळी त्यांचा तो कर्णा वाजला की वाटतं, तळं अजून आहे बाई.

तू वर द्राक्षांच्या बागांना पाणी मोजून देतोस. तुझ्या साहेबांना कधीतरी सांग, की नदीला खाली शेपूटसुद्धा असतं आणि त्या शेपटावर तुझी सख्खी बहीण राहते. हिवाळ्यात पाट साफ करायला तुम्ही पाण्याची पाळी बंद करता तेव्हा सगळं पाणी नदीत सुटतं. तेवढंच काय ते आमच्या वाट्याला येतं. यंदा ते कधी सुटणार, ते कळव. त्याच्या आत घळीत बांध नसला, तर ते पाणीच तळ्याचा घास घेईल.

नेलिदाला आणि तुमच्या संसाराला आशीर्वाद.

तुझी ताई,
डोनाता


सान्ता दोरा, पाटाची चौकी
२७ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र दुकानाच्या ट्रकवाल्यानं दिलं. सोबतची आल्गारोबोच्या शेंगांची पाताय भाकरीही पोचली, निम्मी त्यानं वाटेत खाल्ली होती.

साहेबांना काय सांगू? मी पाटकरी आहे ताई. माझ्या हातात दारांच्या किल्ल्या आहेत, पाणी नाही. इथं प्रत्येक थेंबावर कोणाचं ना कोणाचं नाव आहे. काल मी एका बागेचं दार वेळेवर बंद केलं तर मालक म्हणाला, "तू त्या वाळवंटातला ना? म्हणून आमची झाडं वाळवायला निघालास." तू मला वरचा म्हणतेस, हे मला खालचा म्हणतात.

पाणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, हिवाळा लागला की सुटेल. डोंगरात बर्फ बरं पडतंय, तेव्हा पाणी जोरात असणार. यंत्राची वाट पाहू नका. बाबा शेळ्यांच्या वाड्याला कूड घालायचे तसे दोन रांगांत खुंट ठोका, मध्ये फांद्या विणा, त्यात मातीची पोती आणि वर मुरूम. एका बाजूनं सांडवा ठेवा, नाहीतर पाणी डोक्यावरून जाऊन सगळंच वाहून नेईल.

आणखी एक. बांधात खाली एखादं दार ठेव. लाकडी फळीचं असलं तरी चालेल. पाणी अडवायचं असेल तर ते सोडायचीही सोय असू दे.

तुझा,
आन्सेल्मो


एल चान्यार
१९ जून

आन्सेल्मो,

झाला. बांध झाला.

सगळ्या वस्त्यांवरची माणसं आली. ज्यांची आपसांत बोलाचाली नाही तीही आली आणि न बोलता काम करून गेली. हारियाच्या झुडपांच्या आणि चान्यार झाडांच्या फांद्या तोडून तोडून हातांची सालं निघाली. पोत्यांत माती भरायला बायका, खुंट ठोकायला बाप्ये. मी सगळ्यांवर ओरडत होते, त्यामुळे माझा घसा बसला आणि लोक म्हणाले, बांधाचा पहिला फायदा झाला.

पाणी आलं तेव्हा आम्ही सगळे काठावर उभे होतो. लाल, फेसाळलेलं, काटक्या आणि मेलेला उंदीर घेऊन आलं. बांधाला टेकलं, थांबलं आणि मागं सरकायला लागलं. तळ्याकडे. मोनिका म्हातारी रडायला लागली. मी रडले नाही.

आता तळं देवळाच्या वाटेपर्यंत आलंय. लव्हाळ्यात चांदवे पक्षी दाटीवाटीनं बसतात. हंसांनी काठाजवळच्या बेटावर काड्या जमवायला सुरुवात केली आहे. मिर्ता आली होती, तिनं मला मिठी मारली.

तुझ्या त्या दाराचं म्हणशील, तर ते ठेवलं नाही. तुम्हा वरच्या लोकांना पाणी दिसलं की दार आठवतं. सांडव्यावरून जास्तीचं जाईल तेवढं जाईल. मला आयुष्यभर कोणाच्या तरी दारापुढे उभं राहायला लागलं, आता माझ्या पाण्याला दार नको.

डोनाता


सान्ता दोरा
८ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र नेलिदाला वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

एवढंच विचारतो, खाली एउसेबियो आणि फिलोमेनाकडे काय परिस्थिती आहे? त्यांची विहीर घळीच्या पाण्यावर भरायची. सांडवा वाहतोय का?

ऑक्टोबरात देवळातल्या मातेच्या जत्रेला येतो. तुझं तळं बघायचं आहे.

आन्सेल्मो


एल चान्यार
२० सप्टेंबर

आन्सेल्मो,

बांध फोडला.

कोणी फोडला ते तू मला सांग, कारण तू आणि तुझे साहेब जाणता. मी सोमवारी सकाळी शेळ्या सोडल्या आणि तळ्याकडे बघितलं तर काठ दूर गेलेला. धावत गेले. मधोमध खुंट उपटलेले, पोती फाडलेली आणि पाणी खदखदा हसत निघालेलं. आम्ही जे हाताला लागेल ते टाकलं. दारं, पलंग, मेंढीची कातडी. संध्याकाळपर्यंत भोक बुजलं, पण निम्मं तळं गेलं होतं.

हंस अंड्यांवर बसले होते. पाणी उतरलं तसं त्यांचं बेट चिखलानं काठाला जोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हे चालत गेले. मी काठी घेऊन एकीकडे धावायची, तर ते दुसरीकडून. शेवटी घरट्यांत टरफलं आणि वर घिरट्या घालणारी जोडपी. ती दोन दिवस ओरडत होती. मी कानात कापूस घातला, एवढंच करू शकले.

मागच्या महिन्यात तुमच्या पाणीखात्याची एक गाडी येऊन गेली होती. दोघांनी बांधाचे फोटो काढले, कोणाशी बोलले नाहीत. एवढंसं पाणी खाली राहिलेलं त्यांना बघवलं नाही. आणि बांध केव्हा झाला, कसा झाला, त्याला दार नाही, हे मी कोणाला लिहिलं होतं? तुलाच ना?

जत्रेला आलास तर लोकांना काय तोंड दाखवशील, ते आधी ठरव.

डोनाता


सान्ता दोरा
४ ऑक्टोबर

ताई,

मी कोणाला काही सांगितलं नाही. इथल्या माणसांना तुमचं तळं आहे की नाही हेच माहीत नाही. फोडायला चारशे किलोमीटर कोण येतंय? त्यांनी फोडला असता तर नुकसान झालं असतं, पण निदान त्यांनी तुमची दखल तरी घेतली असती.

हंसांचं वाचून वाईट वाटलं. बाकीचं वाचून काय वाटलं ते लिहीत नाही.

जत्रेला येत नाही.

आन्सेल्मो


सान्ता दोरा
११ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र नेलिदाच्या अक्षरात आहे, मी सांगतो आणि ती लिहिते. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. एका बागवाल्याची पाळी संपली, मी दार खाली केलं, तर त्यानं फावडं मारलं. मला म्हणाला, शेजाऱ्याकडून पैसे खाल्लेस. शेजारी त्याच्या आदल्या दिवशी मला हेच म्हणाला होता.

(ताई, हे मी नेलिदा लिहितेय: हाड दोन ठिकाणी मोडलंय. ते सांगणार नाहीत.)

तुझं उत्तर नाही. ट्रकवाला म्हणतो, तू पत्र घेतलंस आणि कमरेला खोचलंस. ठीक आहे. तरी एक गोष्ट वीस वर्षं दारं राखलेला माणूस म्हणून सांगतो. पाण्याशी वैर म्हणून कोणी बांध फोडत नाही. ज्याला पाणी हवं असतं तो फोडतो. तुझा बांध फुटल्यावर पाणी कुठं गेलं, त्या बाजूला चालत जा. वर बघू नकोस.

आन्सेल्मो


एल चान्यार
२ डिसेंबर

आन्सेल्मो,

हात कसा आहे? नेलिदाला म्हणावं, खरं ते तिनंच लिहीत जावं.

तुझ्या पत्राचा मला राग आला. मग दोन आठवडे मी ते पत्र आणि तो राग घेऊन फिरले. शेवटी खोगीर घातलं आणि घळीच्या कडेनं खाली गेले. गरम, कोरडा सोंदा वारा सुटला होता, डोळ्यांत वाळू. किती वर्षांनी त्या बाजूला गेले असेन मी. फिलोमेना माझ्या लेकीची धर्ममाता, आणि तिच्या घरी जायला मला बांध फुटायला लागला.

अंगणात पाऊल टाकलं तर कुत्रं भुंकलं नाही. फिलोमेना छपराखाली बसली होती. उठली नाही. म्हणाली, "आलीस? मला वाटलं पोलीस घेऊन येशील."

मी विचारलं, "म्हणजे एउसेबियोनं फोडला?"

"दोघांनी. तो एकटा कसा फोडेल, पाठ धरलीय त्याची. पोती मी फाडली."

मला तिथंच ओरडायचं होतं. वाटेभर जुळवून ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे. तिनं तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आधी पाणी पी. उन्हातून आलीस." मी घोट घेतला आणि थुंकला. नुसतं खारं. ती म्हणाली, "आम्ही हेच पितो. जूनपासून घळीत टिपूस नव्हता, विहीर खाली खाली गेली आणि मीठ वर आलं; बांध फोडला तेव्हाचं पाणी एका दिवसात निघून गेलं. निम्म्या शेळ्या गेल्या. उरलेल्यांना दूध नाही."

मी म्हटलं, "सांडवा होता ना."

"सांडव्यावरून थोडं आलं, पहिल्या चार दिवसांत. मग तुझ्या हंसांना पुरलं आणि आमचं संपलं."

"मला सांगायचं होतंस."

"एउसेबियो आला होता तुझ्याकडे ऑगस्टात. तू बांधावर उभी होतीस. त्याला म्हणालीस, 'एवढी वर्षं आम्ही सोसलं, तुम्ही एक वर्ष सोसा.' आठवतंय?"

आन्सेल्मो, मला आठवत नव्हतं. घरी येईपर्यंत आठवलं.

एउसेबियो शेवटी गोठ्यातून बाहेर आला. माफी मागितली नाही. म्हणाला, "पुन्हा अडवलंस तर पुन्हा फोडीन." मी म्हणाले, "पुन्हा फोडलास तर कोल्ह्यांच्या आधी मी तुझ्यापाशी येईन." असं बोलून आम्ही तिघं ते खारं पाणी उकळून माते प्यायलो. भयंकर लागलं.

माझा राग गेलेला नाही. त्या अंड्यांचा राग मी कुठं ठेवू? पण तो घेऊन वर बघायची सोय राहिली नाही, हा वेगळाच त्रास. घळ अजून आहे. तळं सोडलं तर तळं जातं, अडवलं तर फिलोमेना जाते. मिर्ता म्हणते, दोन्ही साधायला हवं. साधायला हवं म्हणजे कसं, ते तिच्या पुस्तकात नाही.

तू दार ठेव म्हणाला होतास. कसलं दार, कुठं, किती उंच, सगळं लिही.

ताई


सान्ता दोरा
६ जानेवारी १९९८

प्रिय ताई,

लिहीत नाही, येतोच. हात धड नाही म्हणून मला रजा आहे, आणि नेलिदाला तळं बघायचंय. आमच्या कोठारात एक जुनं लोखंडी दार गंजत पडलंय, स्क्रू अजून फिरतो. साहेबांना मागितलं. ते म्हणाले, भंगार आहे, घेऊन जा. ट्रकवाला फेब्रुवारीत आणेल, मीही त्याच ट्रकवर.

तोवर एवढंच कर. एउसेबियोला सांग की कुलपं दोन लागतील. एकाची किल्ली तुझ्याकडे, दुसऱ्याची त्याच्याकडे. एकट्याला उघडता येता कामा नये आणि एकट्याला बंद करता येता कामा नये. तुला हे आवडणार नाही. त्यालाही आवडणार नाही. चांगल्या पाळीची खूण तीच.

आन्सेल्मो


एल चान्यार
२५ ऑक्टोबर १९९८

आन्सेल्मो,

तू दार बसवून गेलास त्याला आठ महिने झाले आणि त्या आठ महिन्यांत मी एउसेबियोचं तोंड जितकं बघितलं तितकं माझ्या नवऱ्याचं, देव त्याला शांती देवो, लग्नानंतर बघितलं नव्हतं. दर पाळीला भांडण. तो म्हणतो दोन बोटं वर उचल, मी म्हणते एक. तो म्हणतो तुझं बोट बारीक आहे.

हिवाळ्यात पाणी कमी आलं. तुम्हीही काय करणार, बर्फच नव्हतं. तळं देवळाच्या वाटेपर्यंत काही गेलं नाही, जेमतेम लव्हाळ्यापर्यंत. रोहित आले आणि या वेळी उतरले, पण थोडेच. हंसांनी पुन्हा त्याच बेटावर घरटी केली. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, एवढी मोठी जागा सोडून तिथंच का? मिर्ता म्हणाली, त्यांना तीच जागा सुरक्षित वाटते. म्हटलं, छान.

गेल्या आठवड्यात एउसेबियोची पाळी आली. अंडी अजून फुटली नव्हती. पूर्ण पाळी सोडली असती तर बेट पुन्हा काठाला लागलं असतं. मी दारावर गेले तर तो आणि फिलोमेना आधीच येऊन बसलेले, गाढवाच्या गाडीवर रिकामी पिंपं.

मी म्हणाले, "थोडं थांबशील?"

"किती?"

"अंडी मला विचारून फुटत नाहीत."

"माझ्या शेळ्याही मला विचारून तहानत नाहीत." मग तळ्याकडे बघत राहिला. फिलोमेनानं त्याला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, "पिंपं इथं तळ्यातूनच भरून घेतो. घरचं भागेल. पण विहिरीला पाणी लागणार, तो हक्क मी सोडणार नाही. एक बोट उघड. तुझं बोट."

एक बोट उघडलं. पाणी हळूहळू उतरलं, तरी उतरलंच. काठाकडचं एक घरटं कोरडं पडलं आणि त्याच सकाळी कोल्ह्यानं साफ केलं. मी दारापाशी जाऊन माझ्या कुलपाला हात घातला. पण त्याच्या किल्लीशिवाय दार बंद होत नाही, हे तूच करून ठेवलंयस. त्या क्षणी मी तुला काय म्हटलं ते लिहीत नाही.

विहीर अजून गोडी झालेली नाही. फिलोमेना म्हणते, पूर्वी मीठ लागायचं, आता मिठाची आठवण लागते. घळीचं तोंड होतं तिथंच आहे, पुढं सरकलं नाही. वरून पाणी वाढवून मिळावं म्हणून आम्ही दोन्ही वस्त्यांनी मिळून अर्ज केला, त्यावर उत्तर नाही. मला जे हवं होतं त्यातलं निम्मं मिळालं, तिलाही निम्मंच, आणि दोघी रोज कुरकुरतो.

काल सकाळी तळ्यावर गेले. बेटाला जाणाऱ्या चिखलाच्या पट्टीवर एउसेबियो पाठीला पट्टा बांधून पालथ्या पिंपावर बसलेला, हातात काठी, बाजूला दगडांचा ढीग. कधीपासून बसला होता कोण जाणे, पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलानं पांढरे झाले होते. मी विचारलं, "इथं काय करतोस?"

"काही नाही. तू दार बंद केलंस का, ते बघायला आलो होतो."

"दार तिकडं आहे."

"माहीत आहे."

लव्हाळ्यातून कोल्ह्याचं नाक बाहेर आलं. त्यानं दगड मारला, नेम चुकला, दुसरा मारला आणि पाठ धरून कण्हत पुन्हा बसला. त्याच्या मागं हंसांची राखाडी पिल्लं एकामागून एक पाण्यात उतरत होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

ताई